फाउंड्रीत तपासणीला माणसं आणताना : जून ते डिसेंबर २०२४ च्या नोंदी

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका मध्यम फाउंड्रीत मी टाइम ऑफिस आणि सेफ्टी दोन्ही बघतो. बिडाचं ओतकाम आहे. शॉपवर २१२ माणसं. ६४ कायम, बाकी तीन ठेकेदारांकडची. कामगारांनी आपणहून आरोग्य तपासणीला यावं, यासाठी या वर्षी जे केलं ते इथं लिहून ठेवतोय. शेजारच्या दोन युनिटमधल्या सेफ्टीवाल्यांनाही हेच करायचं आहे, त्यांचा तरी वेळ आणि पैसा वाचावा. माणसांची नावं मुद्दाम घातलेली नाहीत.

१२ जून

पहिलं शिबिर घेतलं, फसलं. आठ दिवस आधी गेटवर आणि कँटीनमध्ये नोटीस लावली होती. ऑफिसच्या पहिल्या मजल्यावर कॉन्फरन्स रूममध्ये लॅबची माणसं बसवली. वेळ ११ ते १, रक्त उपाशीपोटी द्यायचं. आले ३१. त्यातले १७ ऑफिसचे आणि सुपरवायझर. शॉपवरचे फक्त १४. लॅबशी किमान ७५ जणांचं ठरलं होतं, त्यामुळे २२,००० रुपये पूर्ण द्यावे लागले.

उपाशीपोटीची अट ही माझीच चूक. पहिली पाळी सकाळी ७ ला लागते. तासगाव, कवठेमहांकाळकडची माणसं साडेपाचला घर सोडतात. त्यांना ११ वाजेपर्यंत काही खाऊ नका म्हणणं म्हणजे चार तास भट्टीसमोर रिकाम्या पोटी उभं करणं. ओतकामावरचा एक हेल्पर साडेनऊला घेरी येऊन खाली बसला. त्या घडीला हातात लॅडल, म्हणजे वितळलेल्या बिडाचा पळा, नव्हता म्हणून वाचला. त्याला लिंबूपाणी देत असताना माझे हात कापत होते.

दुसरी चूक जागेची. जिन्याखाली तिघे येऊन थांबले होते. बुटांना काळी वाळू, वर पांढऱ्या फरशा. "सायेब, वर पाय कसा ठिवायचा?" एवढं विचारलं आणि माघारी गेले.

१७ जून

रिपोर्ट आले. मी ते खातेवार लावून सुपरवायझरांकडे दिले, त्यांनी हातोहात वाटले. एका सुपरवायझरनं मशीनपाशी उभं राहून मोठ्यानं वाचलं, "अरे, तुझी शुगर २८०!" आजूबाजूचे हसले. तो पोरगा दिवसभर मान खाली घालून होता. रिपोर्ट सुपरवायझरच्या हातात द्यायचा नाही, हा नियम त्या दिवशी केला. तो त्या पोराच्या आधी करायला हवा होता.

२० जून

कारणं विचारायची तर ऑफिसात बोलावून कुणी खरं सांगत नाही. म्हणून फेटलिंगमध्ये, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करतात त्या खात्यात, साडेतीनच्या चहाला जाऊन बसलो. पहिल्या दिवशी कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशीही पाऊस, दुधाचा दर आणि ऊस यावरच बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी ग्राइंडरवरच्या आण्णांनी कप खाली ठेवला.

"तपासलं आन कायतरी निघालं, मग? उद्या गेटवर पास आडवला तर माज्या घरला पीठ कोन घालनार, तुमी?"

मी म्हटलं, असं कोण करतंय?

"सँड प्लांटवाल्याचं काय झालं, ठावं न्हाई व्हय तुमास्नी?"

मला खरोखर माहीत नव्हतं. ऑफिसात येऊन २०२१ ची रजिस्टरं काढली. त्या वर्षीच्या तपासणीत सँड प्लांटवरच्या (साच्यांची वाळू तयार करतात तिथल्या) एका ठेकेदारी कामगाराचं बीपी १७०/१०० आलं होतं. पुढच्या महिन्यात त्याच्या गेटपासचं नूतनीकरण झालेलं नाही. कारणाच्या रकान्यात काही लिहिलेलं नाही. पासच्या यादीवर सही माझी आहे. तीस-चाळीस नावांची यादी आली, मी सही केली.

इथून पुढचं सगळं काम या एका पानापाशी येऊन थांबतं. माणसांना तब्येतीची काळजी नाही, ती अडाणी आहेत, सुई टोचून घ्यायला घाबरतात, हे मी इतकी वर्षं ऐकत आणि बोलत आलो. त्यांनी हिशेब अगदी बरोबर मांडलेला होता. तपासणीत मिळणार एक कागद, जाणार रोजीरोटी.

२६ जून

मालकांसमोर चार गोष्टी ठेवल्या. रिपोर्ट बंद पाकिटातून थेट कामगाराच्या हातात. कंपनीला फक्त आकडे, किती जणांचं बीपी वाढलेलं, किती जणांची शुगर. तपासणीत काही निघालं म्हणून कुणाला काढायचं नाही, आणि हे तिन्ही ठेकेदारांकडून लेखी. तपासणीला गेलेल्या वेळेचे पैसे, टनावर काम करणाऱ्यांना, म्हणजे टनाच्या हिशेबानं पैसे मिळणाऱ्यांनासुद्धा.

मालकांनी विचारलं, "आणि क्रेनवरच्याला फिट येत असेल, ते मला कळायलाच नको?"

प्रश्न रास्त होता. आम्ही अडीच तास बसलो. त्यात लक्षात आलं की मी दोन वेगवेगळ्या तपासण्या एकात कालवल्या होत्या. फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८ च्या पहिल्या परिशिष्टात धोकादायक प्रक्रियांच्या यादीत तेव्हा फाउंड्री होती. कलम ४१सी प्रमाणे अशा कामावर घेण्याआधी आणि पुढे दर १२ महिन्यांच्या आत डॉक्टरी तपासणी करावीच लागते, आणि त्याच्या नोंदी कामगाराला बघायला मिळाल्या पाहिजेत, असा तेव्हाचा नियम होता. ती कायद्याची तपासणी, तिचं रजिस्टर कंपनीत राहणारच. बीपी, शुगर, तोंड, डोळे ही आपण वर देऊ करतोय ती ऐच्छिक तपासणी. तिचा कागद कामगाराचा.

असं ठरलं : कायद्याच्या तपासणीचा कागद पांढरा, ऐच्छिक तपासणीचं कार्ड पिवळं. क्रेन, भट्टी आणि ओतकामावरच्या कुणाला डॉक्टरांनी त्या कामापासून थांबायला सांगितलं, तर तेवढ्यापुरतं दुसरं काम, पगार तोच. हे मराठीत आणि हिंदीत कार्डाच्या मागे छापायचं, खाली मालकांची सही.

भेटवस्तू ठेवा, माणसं येतील, असा आग्रह मात्र मालकांनी सोडला नाही. मीही फार ताणलं नाही.

९ जुलै

दुसरा प्रयत्न. ठेकेदारांची पत्रं अजून आलेली नव्हती, तरी घाई केली. येणाऱ्याला स्टीलचा तीन पुडांचा डबा. ६० डब्यांचे ९,६०० रुपये. माणसं आली ८८. आधी बरं वाटलं. संध्याकाळी बाकाखाली, सायकल स्टँडमध्ये, बेसिनपाशी मिळून २३ पाकिटं सापडली, न उघडलेली. डबा नेला, रिपोर्ट टाकून गेले. ६० नंतर आलेल्यांना डबा मिळाला नाही, त्यावरून दोन खात्यांत भांडण लागलं ते वेगळंच. इनाम, लकी ड्रॉ, डबे यांच्या भानगडीत पुन्हा पडणार नाही.

आणखी एक घोटाळा. ८८ पैकी ४१ जणांचं बीपी जास्त आलं. डॉक्टरांना शंका आली म्हणून ते स्वतः मागं उभे राहिले, तेव्हा कळलं. माणूस नॉकआउटवरून (साचे फोडून तापलेला माल काढतात तिथून) घामाघूम येतोय, तोंडात तंबाखू, आल्या आल्या दंडाला पट्टा. फेटलिंगवाल्यांचे दंड ग्राइंडर धरून धरून असे झालेत की नेहमीचा पट्टा जेमतेम पुरतो, आणि लहान पट्ट्यावर आकडा जास्त दाखवतो. डॉक्टरांनी घालून दिलेली पद्धत अशी : अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून ५ मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला टेबलावर. दोनदा मोजायचं. १४०/९० किंवा वर आलं तरी त्याच दिवशी बीपीचा शिक्का मारायचा नाही, दुसऱ्या दिवशी परत. मोठा पट्टा ७५० रुपयांना मिळाला. आधी घेतला असता तर कित्येक जणांची एक रात्र काळजीत गेली नसती.

२३ जुलै

दोन ठेकेदारांनी सह्या केल्या. तिसरा म्हणतो, माझी माणसं, मी बघतो.

त्या सँड प्लांटवाल्याचा पत्ता जुन्या अर्जावरून काढला. तासगाव तालुक्यातलं गाव आहे. साप्ताहिक सुट्टीला गेलो. घरी नव्हता, द्राक्षाच्या बागेत फवारणीला रोजानं गेला होता. बांधावर गाठ पडली. मी आधी माझ्या सहीचं सांगितलं. तो बराच वेळ हातातल्या नळीचा पीळ काढत बसला. मग म्हणाला, "बीपी हाय ह्ये मला तवाच कळलं, चांगलं झालं. पर सायेब, गोळी घ्याला पैसं कामातनंच येत्यात न्हवं?"

परत येशील का, विचारलं. बायकोला विचारून सांगतो म्हणाला.

२ ऑगस्ट

आला. सही केलेल्या दोघांपैकी एका ठेकेदाराकडून सँड प्लांटवरच घेतला. मालकांनी होकार द्यायला एक दिवसही लावला नाही, हे इथं लिहिलंच पाहिजे. पहिल्या दिवशी कँटीनमध्ये तो जेवायला बसला तेव्हा त्याच्याभोवती वीसेक माणसं होती. मी लांबून बघितलं, जवळ गेलो नाही.

१३ ऑगस्ट

तिसऱ्या फेरीची तयारी. यावेळी एकेका खात्यात जाऊनच तपासणी करायची. मेंटेनन्सच्या पोरांनी भंगार पाइपातून पडद्यांच्या चार चौकटी जोडून दिल्या. कापडाचे १,४०० रुपये. शुगर ग्लुकोमीटरवर, खाऊन आलं तरी चालेल. २०० च्या आसपास किंवा वर आली त्यांचीच पुढे तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी, एचबीए१सी. तिलाही उपास लागत नाही.

वेळ कुठली, यावर बरीच डोकेफोड झाली. पाळी सुटल्यावर ठेवली तर पावणेचारची बस चुकते. घरी म्हशीची धार, डेअरीची वेळ. पाळीआधी ठेवली तर आधीच साडेपाचला निघणारा माणूस पाचला कसा निघेल? शेवटी कामाच्या वेळातच, एका वेळी चौघे, माणशी अर्धा तास. टनावरच्या ९२ जणांना गेल्या महिन्याच्या सरासरीनं त्या अर्ध्या तासाचे ४५ रुपये. फेरीला ४,१४० रुपये खर्च. पहिल्या शिबिरात पाण्यात गेलेल्या पैशांपुढे हे काहीच नाही. उशिरा सुचलं.

पैसे पगाराच्या चिठ्ठीवर वेगळ्या ओळीत दाखवायचे, हे अकाउंट्सला सांगून ठेवलं. चिठ्ठीवर दिसल्याशिवाय कुणी धरत नाही.

२० ते २३ ऑगस्ट

फेटलिंगपासून सुरुवात. सकाळी आण्णा स्वतः पहिले येऊन बसले. कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर रांग थांबली नाही.

तोंडाच्या तपासणीला मात्र माणसं पडद्यापर्यंत येऊन वळायची. तंबाखू थुंकल्याबद्दल आपल्याकडे दंड आहे, आणि दंडाची पावती फाडणारा सिक्युरिटीवाला तिथंच खुर्ची टाकून बसला होता. त्याला बाहेर पाठवलं, पुड्या-डब्या ठेवायला पडद्याबाहेर एक ट्रे ठेवला, परत जाताना आपापली उचलायची. ते केल्यावर तपासणी झाली.

दातांच्या डॉक्टर मॅडम प्रत्येकाला आपलीच तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगत होत्या. सरळ साधं माप. मोल्डिंगमधला (साचे बनवतात तिथला) एक २६ वर्षांचा पोरगा आला, त्याचं दीड बोट जेमतेम गेलं. मॅडमनी टॉर्च मारला, गालाच्या आतली बाजू पांढुरकी, दोरीसारखी ताठ. विचारलं, तिखट लागतं का? म्हणाला, दोन वर्षं झाली, आई माझ्यापुरती आमटी वेगळी काढते. भाकरी दुधात कुस्करल्याशिवाय जात नाही. मावा खातो दिवसाला सात-आठ. सुपारीनं तोंडाची कातडी अशी आखडत जाते, आणि पुढे त्यातूनच कॅन्सर होऊ शकतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण माव्यातली सुपारी तीच. तो तोंड उघडायचा प्रयत्न करत होता आणि गळ्याच्या शिरा ताणून येत होत्या, ते माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. आईला वाटत होतं, पोराला तिखट सोसत नाही एवढंच.

तंबाखू सोडायला मदत करणारा १८००-११२-३५६ हा फुकट नंबर पुडीवरच छापलेला असतो. तो एवढा बारीक आहे की शॉपवर एकालाही माहीत नव्हता. कार्डावर मोठा छापून घेतला.

फुफ्फुसाच्या फुंकर तपासणीत पहिला अर्धा दिवस वाया. टेक्निशियन म्हणायचा, "जोरात सोडा." माणसं एकदा फुस्स करायची. लागतं असं की छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात, न थांबता, निदान सहा सेकंद सोडत राहायचं. कँटीनच्या मावशी बघत होत्या. त्या म्हणाल्या, "चूल पेटंना झाली की फुकणीनं कसं फुकतासा? जाळ धरंस्तवर सोडायचं न्हाई." हे वाक्य पुढे सगळ्यांना सांगितलं आणि तपासणी जमली. फेटलिंगच्या दोघांना आणि सँड प्लांटच्या एकाला छातीच्या एक्स-रेला पाठवलंय. वाळूतल्या सिलिकाची धूळ फुफ्फुसात एकदा बसली की निघत नाही, त्या आजारावर औषध नाही. रुमाल बांधून ती अडतही नाही, त्यासाठी एन-९५ सारखा मास्कच लागतो. नॉकआउटवर पाणी मारायचा नोझल महिनाभर बंद होता. तो दुरुस्त करणं मास्क वाटण्याच्याही आधीचं काम होतं, आणि ते आम्ही आता केलं.

२८ ऑगस्ट

कोअर शॉप, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनवतात ते खातं. इथं २९ बायका आहेत. मागच्या दोन्ही वेळी यातल्या दोघीच आल्या होत्या.

कारण विचारायला नर्सबाईंना पाठवलं. मी गेलो असतो तर काही कळलं नसतं. जूनमध्ये वजन करणारा माणूस आकडा ओरडून सांगत होता आणि पलीकडचा लिहून घेत होता. "बाप्यांम्होरं वजन सांगत्यात व्हय कुनी?" दुसरं कारण असं की त्यांच्या खात्याजवळ संडासच नाही. पार गेटपाशी जावं लागतं आणि जाऊन येईपर्यंत सुपरवायझर घड्याळ बघत असतो. म्हणून त्या पाळीभर पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात लघवीला जळजळ, ताप, आणि मग खाडा. एकजण म्हणाली, "आधी संडास बांदा, मग तपासा." त्यापुढे मला बोलायला जागा नव्हती.

नर्सबाई आणि बाई डॉक्टर, पडदा, वजनाचा आकडा काट्यावर जिचा तिनं वाचायचा. २९ पैकी २६ जणी आल्या. १५ जणींचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, म्हणजे अंगात रक्त कमी. संडासाचा प्रस्ताव त्याच संध्याकाळी दिला. थंड पाण्याचाही दिला. फॅक्टरी अ‍ॅक्टप्रमाणे उन्हाळ्यात पाणी गार करून द्यायची सक्ती तेव्हा २५० च्या वर कामगार असतील तिथंच होती, आणि आपण २१२. मालकांना म्हटलं, भट्टी काय माणसं मोजून कमी तापते का? कूलर मंजूर झाला.

४ सप्टेंबर

फेरी संपली. गणपतीआधी संपवायचीच होती. १६३ जण. टाकून दिलेली पाकिटं : एकही नाही.

न आलेल्या ४९ पैकी ३१ त्या तिसऱ्या ठेकेदाराकडचे, बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशातले. नोटीस मराठीत आणि लॅबचा फॉर्म इंग्रजीत होता. कार्ड हिंदीत होतं, पण ते तपासणीनंतर हातात पडतं. त्यांच्यातलाच एकजण त्यांच्या खोलीवर सगळ्यांचा स्वयंपाक करतो, सगळे त्याचं ऐकतात. पुढच्या वेळी त्याच्याशी आधी बोलायचं.

१० ऑक्टोबर

दीड महिन्यानं पाठपुरावा केला आणि निराश झालो. बीपी पक्कं झालेले ३४. गोळी सुरू असलेले ८. बाकीचे काय सांगतात? गोळी एकदा लागली की जन्माची लागते. मला तर काहीच होत नाही. डोकं दुखलं की घेतो. खाजगी दवाखान्यात गेलो, साडेसातशे रुपये लागले, परत गेलो नाही.

यातल्या जवळजवळ सगळ्यांच्या पगारातून ईएसआयचे (सरकारी कामगार विम्याचे) ०.७५ टक्के कापले जातात, कंपनी वर ३.२५ टक्के भरते. महिना २१,००० पर्यंत पगार असलेला प्रत्येकजण त्यात येतो, ठेकेदाराकडचासुद्धा. दवाखाना, औषध त्यातून मिळतं. आजारी पडून घरी राहावं लागलं तर, हप्ते नियमानं भरलेले असतील तर, वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. हे त्यांना आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. ठेकेदारांच्या यादीत ११ जणांची जन्मतारीख नाहीतर नाव आधारशी जुळत नव्हतं, तेही आमच्या इथंच भरताना चुकलेलं. चार दिवस बसून कागद दुरुस्त केले, कार्डं छापून हातात दिली. तपासणी भरवायच्या आधी हे काम करा. निदान करून माणसाला रस्त्यावर सोडून देणं बरोबर नाही, आणि आम्ही दीड महिना तेच केलं.

१५ ऑक्टोबर

खंडेनवमीला मशीनची पूजा असते, सगळे घरच्यांना घेऊन येतात. या दिवसांत तासगाव-मिरजेकडं द्राक्षाची छाटणी असते, एरवी खाडे होतात, पण पूजेला कुणी चुकत नाही. मी खूश होतो, घरोघरची माणसं भेटत होती. भट्टीवरच्या एकाच्या बायकोनं प्रसाद घेता घेता सहज विचारलं, "दादा, आमच्या ह्यांची शुगर किती आली ओ?" मी सांगून टाकलं. त्यानं घरी सांगितलं नव्हतं.

आज सकाळी त्यानं पिवळं कार्ड माझ्या टेबलावर आणून ठेवलं. एक शब्द बोलला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. ज्या शब्दावर १६३ माणसं आली, तो मीच मोडला, तेही गोड बोलण्याच्या भरात. त्याच्यामागं जाऊन माफी मागितली. "ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाला.

आता आकडे माझ्याकडे ठेवतच नाही. यादी नर्सबाईंच्या कपाटात, किल्ली त्यांच्याकडे. मला माहीतच नसेल तर माझ्या तोंडून जाणार नाही.

१९ नोव्हेंबर

दिवाळीनंतर दर मंगळवारी बीपी मोजायला सुरुवात केली. पहिले दोन मंगळवार टाइम ऑफिसात पंचिंग मशीनशेजारी टेबल लावलं, सोयीचं म्हणून. येता-जाता सगळे बघतात, म्हणून कुणी बसेना. प्रथमोपचार खोलीत हलवलं, तिला मागून दार आहे. आज १९ जण आले. मशीन कसं लावायचं ते नर्सबाईंनी शिकवलंय. आपलं आपण मोजायचं, आपलं आपण कार्डावर लिहायचं. सँड प्लांटवाला नव्या माणसांना खुर्चीवर बसवून पट्टा बांधून देतो. "पाय सोडून बस. बोलू नगंस," म्हणतो. आम्ही मागं काही जणांना 'आरोग्य मित्र' असे बिल्ले दिले होते, त्यांना सगळे साहेबांची माणसं म्हणायचे. याला कुणी बिल्ला दिलेला नाही.

रात्रपाळीचे अजून राहून जातात. पहाटे साडेसहाला खोली उघडायला कुणी नसतं.

१७ डिसेंबर

आजची स्थिती. चौथी फेरी गेल्या आठवड्यात झाली, १८४ जण. त्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाला आधी तपासलं, मग त्यानंच खोलीवरचे २२ जण आणले. तिसऱ्या ठेकेदारानं अजून सही केलेली नाही. मालकांनी त्याला मार्चच्या नूतनीकरणाआधी पत्र मागितलंय. गोळी नियमित चालू असलेले ३४ पैकी २१.

मोल्डिंगमधला पोरगा मावा सोडून सात आठवडे झाले. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायचा व्यायाम दिलाय. तेव्हा १४ मावत होत्या, आता १७. आखडलेलं सगळं मोकळं होणार नाही, हे त्याला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तरी तो काड्या खिशात घेऊन फिरतो.

एक्स-रेला पाठवलेल्या तिघांपैकी दोघांचा साफ आला. तिसऱ्याच्या फिल्मवर छातीच्या डॉक्टरांना शंका आहे, पुढची तपासणी चालू आहे. सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीचा तो फुफ्फुसाचा आजार, ठरला तर तो कायद्यानं कळवावा लागणारा आजार आहे, आणि आम्ही तो कळवणार. मालकांशी बोलणं झालंय. त्याला धुळीच्या खात्यातून काढून पॅटर्न स्टोअरला (साच्यांचे नमुने ठेवतात तिथं) दिलाय, पगार तोच. त्यानं मला विचारलं, "कार्डाच्या मागं लिवलंय तसंच ऱ्हानार न्हवं?" हो म्हटलं.

भट्टीवरच्या त्या माणसाचं कार्ड नर्सबाईंच्या कपाटातच आहे. मंगळवारी तो येतो का, ते मी विचारत नाही.

एकूण खर्च चार फेऱ्यांचा : पहिलं शिबिर २२,०००, डबे ९,६००, पुढच्या तीन फेऱ्यांचे डॉक्टर आणि लॅब मिळून ५४,०००, टनावरच्यांची भरपाई दोन फेऱ्यांची ८,२८०, बीपी मशीन दोन आणि मोठा पट्टा ४,९५०, पडदे १,४००, छपाई २,६००. पहिले ३१,६०० पाण्यात गेले असं धरा.

कोअर शॉपच्या संडासाचा पाया झालाय, विटा आल्यात. प्लंबर गुरुवारी येतो म्हणाला आहे. पुढची फेरी फेब्रुवारीत, द्राक्षाच्या एप्रिलमधल्या खरड छाटणीआधी, आणि ती कोअर शॉपपासून सुरू करायची.